कडी कोण लावतं?

दुःखाच्या घरी माणसं मान खाली घालून जातात. आमचे सर मान वर करून जायचे. आधी दाराची चौकट बघायचे, मग दाराशी पडलेल्या चपला, मग भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या महिन्यावर थांबलंय ते. घरातली माणसं बिचारी रडायच्या तयारीत उठून उभी, आणि हे आपले शोकेसमधल्या कपबशा न्याहाळतायत. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हटलं, हा माणूस इथं आलाय तरी कशाला?

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ते मराठी शिकवायचे. आता निवृत्त होऊन आपल्या गावी, तिकोणा पेठेत असतात. तेव्हा रोज दुधिवरे खिंडीतून जुनी स्कूटर दामटत यायचे. खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत डबा, छत्री आणि कादंबरीची पानं. पिशवी क्षणभरही खाली ठेवायची नाही. प्रार्थनेला हात जोडायचे तेव्हासुद्धा ती काखेत दाबलेली. प्रार्थनेत डोळे मिटलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही. म्हणजे मीही मिटत नव्हते, हे आलंच.

कादंबरी त्यांनी मी शाळेत लागायच्या आधीच सुरू केली होती आणि ती एकाच जागी अडकली होती. गोष्ट साधी होती. नदीकाठचा एक शेतकरी. पूर येतो, बायको वाहून जाते, हा उंबराच्या झाडाला धरून रात्र काढतो आणि वाचतो. इथपर्यंत सगळं झकास. पुढे तो घरी परत येतो. आणि परत आल्यावर तो कसा वागतो, तिथं सरांची गाडी ठप्प झाली होती.

स्टाफरूममध्ये सल्ले द्यायला काय, सगळेच तयार. पीटीचे सर म्हणाले, दारूला लागतो, दुसरं काय होणार. आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, देवाकडे वळतो, शिरगावच्या मंदिरात सेवेला राहतो असं दाखवा. मी म्हटलं, कडवट होतो, कुणावर विश्वास ठेवत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुम्ही सगळ्यांनी सिनेमात पाहिलंय. मला एवढंच सांगा, घरी आल्यावर तो पहिल्यांदा बसला कुठं?"

आम्ही वह्या तपासायला घेतल्या.

विश्वास न ठेवण्याच्या बाबतीत तर ते माझेही गुरू होते. आपली गोष्ट कुणीतरी पळवणार, याची त्यांना बालंबाल खात्री. एकदा चहा देणाऱ्या मावशींनी मला विचारलं, "बाई, त्या हरिबाचं पुढं काय झालं वो?" मी म्हटलं, कोण हरिबा? तर म्हणे सरांच्या पुस्तकातला, बायको वाहून गेली तो. मला तर सरांनी त्याचं नाव दौलत सांगितलं होतं. मी पीटीच्या सरांना विचारलं, त्यांच्याकडे तो किसन होता. मुख्याध्यापिका बाईंकडे रामचंद्र. मी सरांना समोरासमोर जाब विचारला. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "उद्या कुणी माझी गोष्ट छापली, तर नाव बघितलं की कळेल कुणी फोडली."

"आणि चोरानं नाव बदलून छापली तर?"

त्या दिवशी सरांनी डबा उघडलाच नाही. खिडकीबाहेर बघत बसले.

सल्ले कुचकामी ठरले म्हणून असेल, पण त्यांनी माणसांकडेच जायला सुरुवात केली होती. लोणावळा, तळेगाव, कामशेत, कुठंही कुणी गेल्याचं कळलं की हे हजर. ओळख असो वा नसो. बाकीचे लोक म्हणतात, फार वाईट झालं, धीर धरा, मुलांकडे बघा. सर यातलं काहीएक म्हणायचे नाहीत. गप्प बसायचे, पाणी प्यायचे आणि मग हळूच एक प्रश्न टाकायचे: "आता रात्री कडी कोण लावतं?"

ऐकणारा चमकायचाच. नवरा जाऊन चार दिवस झालेली बाई, आणि तिला हा परका माणूस विचारतो की रात्री कडी कोण लावतं. काही जणी कळवळून सांगायच्या, काही तोंड फिरवायच्या. एका घरातल्या दिरानं तर यांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं. सर बाहेर आले ते हसत. म्हणाले, "उत्तर मिळालं. तोच लावतो."

आणि निघताना काय करायचे? दुःखाच्या घरातून कुणी 'येतो' म्हणून निघत नाही. मुकाट चपला घालायच्या आणि चालू पडायचं. अशा कामाला त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून. आपल्याकडे लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही. सर मात्र उंबऱ्यात उभं राहून चांगलं मोठ्यानं म्हणायचे, "येतो हं." बायका च्च च्च करायच्या. कुणी म्हातारी पुटपुटायची. आणि सर खरंच यायचे. सगळ्यांचं येणं-जाणं आटल्यावर, सहा-आठ महिन्यांनी, दुपारच्या वेळी स्कूटर दाराशी उभी. पुन्हा पाणी, पुन्हा तोच प्रश्न.

मला ते बघवेना. दुसऱ्याच्या घरातलं मरण पिशवीत भरून न्यायचं आणि त्याची कादंबरी करायची, ही कुठली रीत? मी त्यांना स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हटलं, "सर, तुम्ही गिधाडासारखे हिंडता."

त्यांनी यावर नीट विचार केला. मग म्हणाले, "गिधाड एकदाच येतं, बाई."

मला वाटायचं, यांच्या पोटात स्वतःचंच काहीतरी दुःख दडलेलं असणार. बायको गेली असेल, मूल गेलं असेल, धरणात कुणी बुडालं असेल. पवनेच्या पाण्याकाठचं गाव म्हटल्यावर काहीही असू शकतं. घरची गोष्ट काढली की ते विषय बदलायचे, त्यामुळे माझा संशय पक्का झाला. शाळेची सहल तिकोण्याला गेली तेव्हा मी मुलींना गडावरून उतरवलं, दुसऱ्या बाईंच्या ताब्यात दिलं आणि सरळ सरांच्या घरी जाऊन धडकले.

बघते तर काय, घर भरलेलं. आई चुलीपुढे. बायको ठणठणीत, हसतमुख. दोन मुलगे, सुना. आणि अंगणात सरांचे वडील वालाच्या शेंगा निवडत बसलेले, नव्वदीला टेकलेले पण पाठ ताठ. मी नमस्कार केला. म्हटलं, "आबा, तुमचा मुलगा लोकांकडे मयताला फार जातो."

"जातोय की," आबा म्हणाले. "हितं कुनी मरंना, मग काय करंल? आमी समदी धडधाकट. म्या ग्येलो म्हंजी त्याचं पुस्तक पुरं हुईल असं वाटतंय त्याला. म्हनून तर म्या जात न्हाई."

दाराआड सुना फिदीफिदी हसल्या. सर खांबाला टेकून उभे होते, कानाच्या पाळ्या लाल. मला वेशीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "खरंय बाई ते. माझं कुणीच गेलेलं नाही. पुराचं म्हणाल तर मला पोहताही येत नाही, मी गुडघाभर पाण्यापुढे कधी गेलो नाही. माझ्या गोष्टीतल्या माणसाचं सगळं गेलंय आणि त्याचं काय होतं हे मलाच ठाऊक नाही. मग मी विचारू कुणाला?"

खोटं कशाला सांगू, यानं माझं समाधान झालं नाही. दुःखी माणूस दुसऱ्याच्या दुःखात घुटमळतो हे समजू शकते. पण ज्याच्या घरी सगळं आलबेल आहे, त्यानं हे का करावं? माझा संशय उलट वाढलाच.

आणि मग ते चिक्कीवाल्या काकूंचं प्रकरण झालं.

काकू आमच्या मागच्या गल्लीत राहतात. बाजारात त्यांचं चिक्कीचं छोटं दुकान. काका गेले, तेराव्याच्या आतच सर जाऊन आले. प्रश्न विचारला, 'येतो हं' म्हणाले, निघाले. आणि पंधरवड्यात काकूंचा दागिन्यांचा डबा नाहीसा झाला. कपाट उघडं, डबा नाही. काकूंना एकच आठवलं. त्या मास्तरांनी विचारलं होतं, रात्री कडी कोण लावतं!

झालं. दुपारपर्यंत बाजारात आणि संध्याकाळपर्यंत स्टेशनात ही बातमी. जिथं जिथं सर गेले होते तिथल्या लोकांना एकदम सगळं आठवायला लागलं. चौकट बघायचा. कपबशा बघायचा. महिन्यांनी परत यायचा, बाई एकटी आहे का बघायला. मी मनात म्हटलं, बघा, मला कधीपासून वाटत होतं. पण गंमत अशी, की मला जे वाटत होतं ते हे नव्हतं. त्यांनी दुःख उचललं असेल. दागिने उचलले, हे काही माझ्या गळी उतरेना.

पोलिसांनी त्यांना बोलावून बाकावर बसवलं. पिशवी उलटी केली. जेवणाचा डबा, छत्री आणि ती पानं. हवालदारानं पानं चाळली आणि विचारलं, हा दौलत कोण? सर म्हणाले, माझ्या कादंबरीतला. राहतो कुठं? सर म्हणाले, अजून घरी आलेला नाही. दरम्यान चौकशीला शाळेत आलेल्या शिपायाला मावशींनी हरिबाचं सांगून टाकलं होतं, पीटीच्या सरांनी किसनचं आणि मुख्याध्यापिका बाईंनी, अगदी सहज, रामचंद्रचं. आता पोलिसांच्या दृष्टीनं बघा. एकाच माणसाची चार नावं, बायको पुरात नाहीशी झालेली, आणि तो फरार. आपल्या गोष्टीला कुलूप म्हणून सरांनी जी युक्ती केली होती, तीच त्यांच्या गळ्याशी आली. अख्खा दिवस ते सांगत होते की हा माणूस नाहीच आहे, आणि कुणी मानायला तयार नव्हतं.

हाती काही लागलं नाही म्हणून सोडून दिलं. शाळेनं चार दिवस घरी बसा म्हणून सांगितलं, त्याचा महिना झाला. पालक भेटून जात होते. असल्या माणसाच्या हाती आमच्या मुली, वगैरे.

डबा सापडला दिवाळीनंतर. नवा इंद्रायणी तांदूळ यायच्या आधी काकू जुनं पिंप रिकामं करत होत्या, तर तळाशी डबा. त्यांनीच ठेवलेला. सरांनी प्रश्न विचारल्यावर त्यांच्या मनात भीती शिरली, खरंच, कडी लावणारा माणूस आता नाही. त्याच दुपारी त्यांनी डबा काढून पिंपात खोल खुपसला, आणि साफ विसरल्या. माझ्याकडे येऊन हुंदके देत म्हणाल्या, "त्या दिवसांत मी कुठं काय ठेवत होते, मला शुद्ध नव्हती हो. मिठाची बरणी फ्रीजमध्ये सापडली होती." त्यांनी चौकीत जाऊन सांगितलं, सरांच्या घरी जाऊन माफीही मागून आल्या. पण डबा चोरीला गेल्याची बातमी जशी धावली होती, तशी सापडल्याची कुठून धावणार? मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना मुद्दाम सांगितलं. पीटीचे सर म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण मुळात असलं विचारायचंच कशाला?"

सर परत आले. आता आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो, ते त्या दौलतकडे बघायचे तसे. यांचं आता काय होतं? दारू? देव? कडवटपणा? त्यांनाही ते ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता मला म्हणाले, "बाई, चौकीतून आल्यापासून मला साखर जास्त लागतेय. याचा कशाशी काही संबंध असेल का?" मला हसू आलं. वाटलं, चला, गडी आहे तसा आहे.

तसे नव्हते ते. हळूहळू माझ्या लक्षात आलं. शाळेतून निघताना ते स्टाफरूमच्या दाराशी थांबायचे, पिशवीचं तोंड उघडून जरा पुढे करायचे, आणि मग जायचे. कुणी मागितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाही कळत नसावं. कुणाच्या घरचा उंबरा ओलांडायचे नाहीत. सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलं तरी फाटकाशीच उभे राहून द्रोण घ्यायचे. लोकांच्या दुःखाला जाणं तर बंदच झालं. आणि एके दिवशी चहाच्या मावशी मला म्हणाल्या, "त्या दौलतचं लय वाईट झालं बगा."

मी म्हटलं, "दौलत? तुमचा तर हरिबा होता ना?"

"सर म्हनले, दौलतच नाव हाय त्याचं. समद्यांना आता त्येच सांगत्यात."

म्हणजे या माणसानं संशय घेणं सोडलं होतं. आपली गोष्ट कुणी पळवेल अशी भीती त्यांना उरली नव्हती. पळवण्यासारखं काही आहे असंच वाटेनासं झालं असणार. सगळं गाव त्यांच्यावर संशय घेत होतं तेव्हा मला त्यांचा राग येत होता, त्याहून जास्त राग मला त्या दिवशी आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

त्यानंतर वर्षभरानं आमचे हे गेले. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली म्हणाले, रिक्षा येईपर्यंत संपलं सगळं. घर माणसांनी भरलं. फार वाईट झालं. धीर धरा. मुलीकडे बघा. देवानं चांगलं मरण दिलं. शाळेतले सगळे येऊन गेले, सर आले नाहीत. महिना झाला, दोन झाले, हळूहळू माणसं यायची थांबली. मुलगी कॉलेजला पुण्याला राहते, ती परत गेली. सर शाळेत समोर दिसायचे, नमस्कार करायचे, खाली बघून निघून जायचे. मी धुमसत होते. ज्या माणसानं अख्खा मावळ छळला, त्याला माझंच घर बरं सापडत नाही! मी गिधाड म्हटलं होतं, ते मनात धरून बसला की काय?

मग एका रविवारी दुपारी मी दोरीवरचे कपडे काढत होते, तर गल्लीच्या टोकाला ती स्कूटर. सर शेजारी उभे, इकडे बघतायत. लोक म्हणतील पुन्हा टेहळणी करतोय, असं माझ्या मनात आलंच. मी फाटकातून हाक मारली. ते आले, फाटकाशी थांबले. मी म्हटलं, आत या. ते म्हणाले, इथं बरं आहे. मी म्हटलं, मला उन्हात उभं राहायची हौस नाही, आत या.

आले. खुर्चीच्या कडेवर बसले. ना चौकट बघितली, ना कॅलेंडर. चहा प्याले. "फार वाईट झालं," म्हणाले. त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकून मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. मग उठले आणि सवयीनं पिशवीचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं. आत डबा होता, छत्री होती.

"सर, पानं कुठं आहेत?"

"माळ्यावर ठेवली. बंद केलं मी ते."

"आणि दौलत?"

"राहू दे तिथंच, झाडावर."

"बसा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "बसा खाली आणि विचारा मला."

"नको, बाई."

"सगळ्यांना विचारलंत. मला विचारा."

ते बसले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या दाराच्या चौकटीकडे, तिथल्या कडीकडे पाहिलं, पूर्वी पाहायचे तसं.

"रात्री कडी कोण लावतं आता?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "हे लावायचे. आधी गॅस बघायचे, मग कडी, मग म्हणायचे, झालं. ते गेल्यावर पहिल्या दिवशी मी लावली. लावली आणि वाटलं, ते बाहेर राहिले. मग काढून ठेवली. तेव्हापासून नुसतं दार लोटून घेते. मुलीला सांगितलेलं नाही. कुणाला सांगणार? कुणी विचारलंच नाही."

मी मनसोक्त रडले. इतक्या दिवसांत, सांत्वनाला आलेल्या एवढ्या माणसांपुढे रडले नव्हते इतकी. सरांनी धीर धरा म्हटलं नाही. मी डोळे पुसले तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि गॅस?"

"तो मी बघते."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "दौलतला देऊन टाका हे. पण उतरवा त्याला खाली. घरी येऊ द्या." ते उठले. पिशवी खांद्याला लावली. या वेळी उघडून दाखवली नाही. पायरीवर जाऊन चपला घातल्या आणि चारचौघं जातात तसे मुकाट निघाले.

"सर," मी दारातून म्हटलं, "येतो म्हणा."

ते फाटकाशी थांबले. मागे वळून नीट माझ्याकडे पाहिलं.

"येतो हं, बाई," म्हणाले, चांगलं मोठ्यानं.

स्कूटर गल्लीबाहेर पडेपर्यंत मी उभी होते. मग आत आले, दार ओढून घेतलं. आता कधीतरी कुणीतरी येऊन ते वाजवणार होतं, म्हणून मी आतून कडी लावली.